आपा, माझा हक बाकी आहे

आपा, धुळ्याला तुझ्या घरी त्या सकाळी सगळ्या बायका 'माफ किया, माफ किया' म्हणाल्या आणि मी एकटी तोंड मिटून बसले. तुला ऐकू येत असेल तर माझं गप्प बसणंही ऐकू आलं असेल. आलं असेल तर बरंच झालं.

पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मधे तू, पांढऱ्या चादरीत. लोबानाच्या वासाने माझं डोकं चढलं होतं. तुझ्या शाळेतल्या बाया, गल्लीतल्या बाया, तुझी ती भांडखोर नणंद, सगळ्या भिंतीला टेकून बसलेल्या. तुला न्यायच्या आधी तुझी लेक उभी राहिली. नसरीन. तिचा आवाज बसला होता. म्हणाली, "अम्मी पर किसी का कोई हक रहा हो, किसी का दिल दुखाया हो, तो बोल दो. मैं अदा करूंगी. नहीं तो अल्लाह के वास्ते माफ कर दो." खोलीभर 'माफ किया' झालं. नसरीन एकेकीकडे बघत बघत माझ्यापर्यंत आली आणि थांबली. मी जमिनीकडे बघितलं. डोळ्यांत पाणी नव्हतं, खोटं कशाला सांगू. डोळ्यांत राग होता.

कारण हक म्हणजे काय हे मला शिकवलं कुणी? तूच ना?

आठवतं तुला, आपली पहिली ओळख भांडणातून झाली. दहावीच्या पेपर तपासणीचं केंद्र, धुळ्याची ती पत्र्याची शाळा, एप्रिलचं ऊन. मराठी आणि उर्दूवाल्यांना जागा कमी म्हणून एकाच टेबलाला बसवलं होतं. मी जळगावहून आलेली, पिंप्राळ्याची वंदना मॅडम, मराठीची, नाकावर माशी बसू न देणारी. तू शेजारी उर्दू-अरबीचे पेपर तपासत होतीस. मी कुणालातरी म्हटलं, "हा माझा हक्क आहे, मी खिडकीपाशीच बसणार," आणि तू मान वर न करता म्हणालीस, "खिडकी घे, पण हक्क आमचा आहे. तो शब्द परत कर."

मला असा राग आला! म्हटलं, कोण ही बाई? मग दुपारभर तू मला तो शब्द उलगडून दाखवलास, लाल पेनाने, रद्दी कागदावर. मुळात तीन अक्षरं. ह, आणि मग क दोनदा, घशातून खोल काढायचा तो क. अर्थ काय? खरं. जे आहे, जे टळत नाही, ते. मग त्यातून ज्याला जे मिळायलाच हवं ते, म्हणून आपला हक्क. अनेकवचन हुकूक. त्यातूनच हकीकत, तिचं अनेकवचन हकायक. खरं शोधून काढणं म्हणजे तहकीक, ज्याचा हक पोचतो तो मुस्तहिक. पुढे फारसीने 'ना' लावला की नाहक, 'दार' लावला की हकदार. मराठीतलं हकनाक म्हणजे हक-ना-हक, खरं-खोटं न बघता. आणि आधी 'अल' लावला की ते तुझ्या रबचंच एक नाव, अल-हक. ते सांगताना तुझा आवाज खाली गेला होता आणि पदर डोक्यावर.

मी म्हटलं, "मग आम्ही दोन क लिहितो ते चूकच की." तू थांबलीस. बोटाने टेबलावर लिहून पाहिलंस. म्हणालीस, "नाही गं. अरबीत क दुहेरीच आहे. आम्ही उर्दूवाल्यांनी एक खाल्ला. तुम्ही सांभाळलात." आणि इतकी खळखळून हसलीस की केंद्रप्रमुख आपल्या टेबलाशी येऊन उभे राहिले. त्या हसण्यावर मी फसले, बघ.

तिथून आपलं सुरू झालं. एका शब्दावर दोन मास्तरणी इतकी वर्षं घालवतात हे कुणाला सांगून पटलं नसतं. माझा नवरा तर म्हणायचा, तुम्हा दोघींना घरी कामं नाहीत का. तुझी धुळ्याची गाडी चाळीसगावला येऊन संपायची, माझी जळगावहून येणारी तिथे थांबायची, म्हणून भेटायचं ते चाळीसगावला. प्लॅटफॉर्मच्या टोकाचा तो बाक आपला. मी कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या भाकरी आणि ठेचा आणायचे, तू खिमा आणायचीस आणि भाकरी मात्र माझ्या खायचीस. नियम तुझाच होता. तू मूळ आणायचं, मी तोंड आणायचं. म्हणजे अरबीत काय आहे ते तू सांगणार, आणि आपल्या खानदेशात कोण कसा तो शब्द बोलतं ते मी शोधणार. पण अर्थ पक्का कधी धरायचा? दोघींनी त्याच माणसासमोर बसून, आपल्या कानांनी ऐकला तरच. एकीने ऐकून दुसरीला सांगितलेलं चालणार नाही. "ऐकीव गवाही मी घेत नाही," म्हणायचीस.

म्हणून आपण कुठे कुठे नाही गेलो! रावेरकडे केळीच्या बागेत गेलो. घड कापताना खाली पडलेली केळी मजूर बायका घरी न्यायच्या, ती त्यांची हक्काची. सुईणीकडे गेलो, बारशाच्या लुगड्याला ती हक म्हणायची. दीपनगरच्या कॉलनीत माझ्या बहिणीकडे एक न्हावी यायचा, लग्नातल्या नारळावर त्याचा हक. आणि मला लाज वाटायची ती याची, की तुझी अहिराणी माझ्यापेक्षा अस्सल. तू साक्रीकडच्या खेड्यात वाढलेली. बायका तुझ्याशी मोकळ्या व्हायच्या आणि माझं शहरी मराठी ऐकून पदर सावरून बसायच्या.

त्या बाकावरच तू मला हकचे दोन भाग सांगितलेस. एक रबचा हक, तो त्याचा तो बघून घेईल, त्याच्या मनात आलं तर माफ करेल. दुसरा माणसांचा माणसांवरचा, हुकूकुल इबाद. तो वर कुणीच माफ करू शकत नाही. ज्याचा आहे त्यानेच करायचा, नाहीतर फेडायचा. मी म्हटलं, "माझा तुझ्या वरच्या दरबारावर विश्वास नाही, पण हा नियम मला आवडला." तू म्हणालीस, "तुमच्या बाबासाहेबांनाही आवडला असता." मग आपण दोघी भजी खायला गेलो.

आणि तो दिवस, तुझी गाडी चुकली होती. मी सकाळपासून त्या बाकावर ताटकळत बसलेली, भाकरी वाळून कडक. तू दुपारी घामाघूम धावत आलीस. तू तोंड उघडायच्या आतच मी म्हटलं, "जाऊ दे गं, केलं माफ." तर तूच माझ्यावर भडकलीस! "मी मागितली का अजून? न मागता देऊन टाकतेस, मग मागणाऱ्याची मान कधी झुकायची? थांब. मला मागू दे." आणि भर प्लॅटफॉर्मवर हात जोडून उभी राहिलीस, "वंदना, मेरी बहन, मेरा कहा-सुना माफ." चहावाला बघतोय, हमाल बघतायत. मी लाजेने अर्धी झाले. म्हटलं, "बस गं बाई, केलं, केलं." मग शांतपणे बसून तू भाकरी मोडलीस.

हे सगळं मी का उगाळतेय? कारण यातलं एकेक तुला ठाऊक होतं. मला कळत नव्हतं म्हणून झालं असं तुला म्हणता येणार नाही.

अक्काकडे मी तुला नेलं. माझी मोठी आत्या, चाळीसगावच्या पलीकडच्या खेड्यात एकटी राहते, बारीक, ताठ, आवाज खणखणीत. मला वाटलं होतं अक्का लग्नातल्या मानापानाचं काहीतरी सांगेल. ती ओट्यावर तुरीची डाळ निवडत होती. तू तिच्या शेजारी बसून डाळ निवडायला लागलीस आणि सहज विचारलंस, "अक्का, हक म्हंजे काय वं?"

अक्काचा हात थांबला. म्हणाली, "हक म्हंजे भाकर. शिळी भाकर."

मग ती बोलत गेली आणि मी ऐकत गेले, माझ्याच आत्याचं, जन्मात पहिल्यांदा. "सांजले माय टोपली लिसन निघे. मी तिना मांगे. दारपुढे उभं ऱ्हावानं, वट्टाले हात लावाना नही. आवाज देवाना. मंग आतून कोनी म्हने, उनी देख ती बाई, हक मांगाले. वरथून टाकेत टोपलीमजार. आम्हले नाव नव्हतं का? पन ती बाई. बस." मेलेल्या ढोराचं कातडं हा हक, मयताच्या अंगावरचं कापड हा हक, आणि रोजची ही भाकर. गावाने दिलेला आमचा हक. मग दीक्षेच्या साली तिच्या बापाने, म्हणजे माझ्या आज्याने, ती टोपली चुलीत घातली आणि म्हटलं, आजपासून असला हक नको. अक्का तेव्हा पोर होती. टोपली जळताना तिला भीती वाटली होती की उद्या खायचं काय.

मी दर चौदा एप्रिलला माइकवर 'आपले हक्क, आपले हक्क' म्हणून घसा कोरडा करणारी बाई. अक्का दरवर्षी पुढे बसून ऐकायची आणि टाळ्या वाजवायची. तो शब्द आला की तिच्या नाकात कशाचा वास येत असेल, मला कधी कळलंच नाही. त्या दिवशी मी ओट्यावरच रडले. तू नाही रडलीस. तू अक्काचा हात धरलास.

अक्काने तुला एकच अट घातली. "लिखशी ना, ते मन्हं नाव लिख. भागाबाई. 'एक बाई' आसं लिखू नको." आणि तू म्हणालीस, "लिखसू अक्का. मन्ही जबान शे." मग आपण तिघींनी जेवण केलं. तू अक्काच्या हातची भाकरी खाल्लीस आणि आणखी मागून घेतलीस. अक्का त्या घासांवर किती खूश होती. नंतर कितीतरी दिवस फोनवर विचारायची, "ती तुन्ही आपा लिखस का?"

मग ते सभागृह आलं. धुळ्यात, उन्हाळ्यात, पाहुणे, समई, शाली. आपला लेख तू वाचायचा असं ठरलं होतं, कारण तुझा आवाज चांगला आणि तुझी अरबी. नावं दोघींची, आणि शेवटी अक्काचा भाग, हेही ठरलं होतं. मी नवीन साडी नेसून दुसऱ्या रांगेत बसले होते. तू मूळ सांगितलंस, हुकूक सांगितलंस, रबचं नाव सांगितलंस, रावेरची केळी सांगितलीस, सुईणीचं लुगडं सांगितलंस. लोक माना डोलवत होते. मी वाट बघत होते. आता भाकरी येईल. आता भागाबाई येईल.

तू चष्मा काढलास. म्हणालीस, "या कामात मला जळगावच्या एका बाईंनी मदत केली, त्यांचेही आभार." आणि खाली बसलीस.

एका बाईंनी!

आपा, मी टाळ्या वाजवल्या. सगळे वाजवत होते म्हणून मीही वाजवल्या. माझे हात माझे नव्हते.

बाहेर आल्यावर मी तुला गाठलं. शाल अजून तुझ्या हातात होती. म्हटलं, "अक्का कुठे गेली?" तू आधी म्हणालीस वेळ कमी होता. मग म्हणालीस, समोर कोण कोण बसले होते बघितलंस ना, मौलाना होते, संस्थेचे लोक होते. मग तुझा खरा आवाज आला. "वंदना, ते माझ्या रबचं नाव आहे. त्याच्या शेजारी ती टोपली नाही ठेवता आली मला. मन धजलं नाही." मी म्हटलं, "ठेवायची कसली? गावाने ती केव्हाच तिथे ठेवली होती. तू फक्त झाकलीस." आणि तेव्हा तू ते बोललीस. "तू प्रत्येक गोष्टीत तेच आणतेस."

तेच म्हणजे काय, आपा? मला नीट सांगितलं असतंस तरी चाललं असतं. आपण इतकी वर्षं एका शब्दाचे धागे सोडवले, आणि या एका 'तेच'चा अर्थ मला तुझ्याकडून कधी मिळाला नाही. मी म्हटलं, "माझं नाव?" तू म्हणालीस, "घाईत राहिलं. छापताना घालू." छापून आलं तेही तसंच आलं. त्यात अक्का नाही, मी नाही. एका बाईंनी मदत केली.

मी फोन करणं बंद केलं. तूही नाही केलास. चाळीसगावच्या बाकावर आता कोण बसतं कुणास ठाऊक. अक्का विचारायची, "लिखं का तिनी?" मी म्हणायचे, "लिहितेय, अक्का. मोठं काम आहे, वेळ लागतो." तुझ्यासाठी मी माझ्या आत्याशी खोटं बोलत होते, आणि तेही तिने तुला वाईट म्हणू नये म्हणून. बघ तर माझं शहाणपण!

मग कळलं तू हजला निघालीस. जायच्या आधी तुम्ही लोक घरोघरी जाऊन कहा-सुना माफ करून घेता, तेही तूच सांगितलेलं. तुझ्या शाळेतल्या एका बाईने मला फोनवर सगळं सांगितलं, कौतुकाने. आपा शिंप्याकडे गेल्या. आपा दूधवाल्याकडे गेल्या. भाजीवालीकडे गेल्या. ज्या हेडमास्तरीणबाईंशी जन्मभर उभा दावा, त्यांच्याही घरी जाऊन हात जोडून आल्या. मी फोन कानाशी धरून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, आता माझी पाळी. मी घर झाडून ठेवलं. कळण्याचं पीठ दळून आणलं. फोन वाजला की हात पुसत धावायचे. एकदा तर रिक्षा दाराशी थांबली म्हणून चप्पल न घालता बाहेर आले. शेजारच्यांचे पाहुणे होते.

तू आली नाहीस. दूधवाल्याचा हक तुला आठवला, माझा नाही.

परत आल्यावर तू खजूर आणि झमझमचं पाणी पाठवलंस, कुणाच्यातरी हातून. सोबत एक शब्द नाही. मी ते खजूर अख्ख्या गल्लीत वाटले. एक खाल्ला. गोड होता, आणि मला त्याचाही राग आला.

आणि मग नसरीनचा फोन, तू गेल्याचा. आजारपणाचं मला काही माहीत नव्हतं. तुझ्या घरातून त्या दिवशी निघताना ती माझ्यामागे दारापर्यंत आली. "खाला, आपने कुछ नहीं कहा." मी म्हटलं, "बेटा, माझ्या आधी एका म्हातारीचा आहे. तिला विचारून येते." आणि जळगावला न जाता तशीच अक्काकडे गेले. वाटेत ठरवलं होतं, आता सगळं खरं सांगायचं. तिचं नाव आलं नाही, ती टोपली आली नाही, आपा गेली, आता तू बोल.

अक्काने माझं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माले म्हाईत शे. ती उनी व्हती ना मन्हाकडे. हजले जावाना पह्यले."

मी खाली बसले. अक्का सांगत होती. "आठेच बसनी. रडनी. म्हने, अक्का, मी तुन्हं नाव घिदं नही, माफ कर. मी सांगं, माय, हाऊ हक मन्हा एकलीना शे का? ज्या ज्या बायासनी टोपली धरी, त्या बठ्ठासना शे. मी एकली कशी माफ करू? जठे नाव सोडं, तठेच जाय नि सांग. ती म्हने, हज करीसन येस, मंग सांगस. चहा पिनी, भाकर खादी नि गयी."

"आणि माझं?" मी विचारलं. "माझ्याबद्दल काही बोलली?"

"मीच इचारं, वंदनाकडे गयी का? म्हने, तिनापुढे तोंड नही मन्हं. पह्यले तठे सांगस, मंग तिनाकडे जास."

म्हणजे तुला सगळं कळत होतं. क्रमसुद्धा लावला होतास, आधी सभागृह, मग मी. क्षणभर माझं मन विरघळलं, अगदी पुरतं. आणि मग नसरीनने मागे पाठवलेला एक फोटो आठवला. हजहून आल्यावरचा. त्याच सभागृहातला बक्षीस समारंभ, तू प्रमुख पाहुणी, तोच माइक, गळ्यात हार. तुझी तब्येत तेव्हा चांगली दिसते. समोर तेच लोक बसलेत. तुला माइक मिळाला होता, आपा! दुसऱ्यांदा मिळाला होता. त्या दिवशी काय बोललीस ते नसरीनने फोटोखाली लिहिलंच होतं. पोरांनो, खूप शिका, एवढंच ना?

पहिल्या वेळी तू घाबरलीस, ते मी समजू शकते. भीती मला ठाऊक आहे. पण अल्लाच्या घरी जाऊन आल्यावर, अक्काला दुसऱ्यांदा जबान दिल्यावर, त्याच माइकपुढे पुन्हा गप्प? याला काय म्हणू? तुझ्या भाषेत शब्द आहे, खयानत, विश्वासाने सोपवलेलं बुडवणं. तो मी तुझ्यासाठी वापरीन असं कधी वाटलं नव्हतं.

शोकसभा त्याच सभागृहात झाली. मला दोन शब्द बोलायला बोलावलं, 'मैत्रीण' म्हणून. अक्का म्हणाली, मी येस. या वयात, एसटीने, नऊवारी नेसून आली आणि माझ्या शेजारी दुसऱ्या रांगेत बसली. माझ्या आधी सगळे तुझ्या विद्वत्तेवर बोलले. सगळं खरं होतं. मी उभी राहिले. म्हटलं, "हक या शब्दाचा एक अर्थ या सभागृहात सांगायचा राहून गेला आहे. आपांना तो माहीत होता. त्यांनी आणि मी तो एकत्र ऐकला." आणि सांगितलं. टोपली सांगितली, वट्टा सांगितला, वरून टाकलेली भाकर सांगितली, चूल सांगितली. अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलं. कुणीतरी खाकरलं. मी म्हटलं, "हे सांगणाऱ्या बाईंना नाव आहे. भागाबाई."

अक्का उठून उभी राहिली. कुणी सांगितलं नव्हतं. हात जोडले नाहीत, काही नाही. नुसती ताठ उभी राहिली, म्हणाली, "मी." आणि उभीच राहिली.

नसरीन व्यासपीठावरून उतरून आली. अक्काचा हात धरून तिने तिला पहिल्या रांगेत, तुझ्या फोटोसमोर बसवलं. अक्काने फोटोकडे बघितलं आणि शेजारच्याशी बोलावं तसं तुझ्याशी बोलली, "आते फिटनं वं. बठ्ठासमोर फिटनं. जाय आते."

तुझं काम मी केलं, आपा. तुझ्या तोंडचं वाक्य मी माझ्या तोंडाने म्हटलं आणि अक्काचा हक फेडला. त्याचं समाधान आहे म्हटलं तर आहे. पण ते वाक्य तुझ्या आवाजात ऐकायचं होतं मला. तुझा आवाज माझ्यापेक्षा चांगला होता, अहिराणी अस्सल होती. मी म्हटलं त्यात काय मोठं? माझं तर घरचंच होतं ते. तू म्हटलं असतंस तर त्या लोकांना ऐकावं लागलं असतं.

सभा संपल्यावर नसरीन पुन्हा आली. "खाला, और आपका?"

म्हटलं, "माझा बाकी आहे बेटा."

तिने हात जोडले. अगदी तुझे हात, तीच लांब बोटं. "अम्मी की तरफ से मैं माँगती हूँ." मी तिचे हात खाली केले. पोरीला जवळ घेतलं, पण माफ म्हटलं नाही. तिने माझं काय बिघडवलंय? एका बाईंनी, असं ती नाही म्हणाली.

अक्काला गावी सोडून परतताना मी चाळीसगावला उतरले आणि आपल्या बाकावर जाऊन बसले. डब्यात अक्काने दिलेली भाकर होती. तुझी गाडी लागली, रिकामी झाली, परत गेली. मी बघत बसले. मला माझं भांडण हवंय, आपा. मला विचारायचंय, 'तेच' म्हणजे काय. मला तुझ्यावर ओरडायचंय, आणि तू चष्मा काढून म्हणावंस, "बस झालं, आता भाकरी दे." माझं मन काही दगडाचं नाही. तू नुसती दारात येऊन उभी राहिली असतीस ना, तर तोंड उघडायच्या आधी मी म्हटलं असतं, जाऊ दे गं, केलं माफ. ते तर तुलाही ठाऊक होतं. म्हणून तर आली नाहीस ना?

आजही देऊन टाकीन. आत्ता, या घडीला. पण याच बाकापाशी तू मला दटावलं होतंस, न मागता द्यायचं नाही. थांब, म्हणाली होतीस, मला मागू दे.

मी थांबलेय, आपा. माग ना.